क्विनीन शोधायला गेला, जांभळा रंग घेऊन आला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिवतापावर खात्रीचे म्हणावे असे एकच औषध होते, ते म्हणजे क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीतून ते काढावे लागे. साल तोडायची, वाळवायची, जहाजाने युरोपात आणायची आणि मग तिच्यातून औषध वेगळे करायचे, असा तो लांबचा आणि महागडा मार्ग होता. भारतासारख्या उष्ण प्रदेशात सैन्य आणि कारभार सांभाळणाऱ्या ब्रिटिशांना तर क्विनीन नेहमीच हवे असे. हे औषध प्रयोगशाळेत बनवता आले तर किती बरे, हा विचार त्या काळच्या अनेक रसायनशास्त्रज्ञांच्या मनात होता. १८५६ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने राहत्या घरी तो प्रयत्न करून पाहिला. क्विनीन काही त्याला मिळाले नाही. त्याच्या हाती लागला एक जांभळा रंग. कृत्रिम कापडरंगांचा सारा उद्योग या रंगापासून सुरू झाला आणि पुढे त्याच उद्योगातून वैद्यकशास्त्राला जंतू पाहण्याचे आणि मारण्याचे साधन मिळाले. या विद्यार्थ्याचे नाव विल्यम हेन्री पर्किन.

विल्यमचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी पूर्व लंडनमधल्या शॅडवेल भागात झाला. गोदी आणि कामगारवस्तीचा हा भाग. वडील जॉर्ज पर्किन सुतारकाम आणि घरबांधणीचा व्यवसाय करत. सात भावंडांत विल्यम धाकटा. मुलाने वास्तुरचनाकार व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र निराळा होता. एका मित्राने स्फटिक तयार होण्याचे साधे प्रयोग दाखवले आणि त्याला रसायनशास्त्राचे वेड लागले. सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये थॉमस हॉल नावाचे शिक्षक होते. रसायनशास्त्राला वेळापत्रकात फारशी जागा नसल्याने ते जेवणाच्या सुट्टीत त्यावर व्याख्याने देत. विल्यम ती ऐकायला बसे, प्रयोगांची मांडामांड करायला मदत करी आणि त्यासाठी जेवणावर पाणी सोडी. हॉल यांच्याच प्रोत्साहनाने तो मायकेल फॅरेडे यांची व्याख्याने ऐकायला जाऊ लागला. मुलाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, हेही हॉल यांनीच वडिलांना पटवले.

वयाच्या पंधराव्या वर्षी, १८५३ मध्ये, विल्यम लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. तिथले प्रमुख होते ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा अभ्यासाचा विषय होता डांबर. त्या काळी शहरातले दिवे दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत. हा वायू तयार करताना काळे, चिकट, दुर्गंधी डांबर उरे. गॅस कंपन्यांना ते नकोसे होते. हॉफमान यांना मात्र त्यात बेंझीन, नॅप्थॅलीन, ॲनिलीन अशा पदार्थांची खाण दिसत होती. कपड्यांच्या कपाटात आपण ज्या डांबरगोळ्या ठेवतो त्या म्हणजे हेच नॅप्थॅलीन. अशा पदार्थांपासून एखाद दिवशी क्विनीन तयार करता येईल, असे हॉफमान यांनी १८४९ मध्येच सुचवून ठेवले होते.

गुरूचा हा विचार शिष्याने मनावर घेतला. क्विनीनच्या एका रेणूत २० कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजनचे अणू असतात, एवढे तेव्हा ठाऊक होते. ते एकमेकांशी कसे जोडलेले असतात, हे कोणालाच माहीत नव्हते. विल्यमने सरळ बेरीज-वजाबाकी केली. डांबरापासून मिळणाऱ्या एका पदार्थाचे दोन रेणू घेतले, त्यांत ऑक्सिजन घातला आणि पाण्याचा एक रेणू वजा केला, तर हिशेब बरोबर क्विनीनवर येत होता. कागदावर जमलेली ही आकडेमोड भांड्यात मात्र जमली नाही. पोटॅशियम डायक्रोमेटची प्रक्रिया करून पाहिल्यावर त्याला तांबूस तपकिरी गाळ मिळाला. क्विनीन पांढरे असते. म्हणजे प्रयोग फसला होता. विटा मोजून आणल्या म्हणून घर आपोआप उभे राहत नाही, त्यातलाच हा प्रकार होता.

हा गाळ फेकून देण्याऐवजी विल्यमने वेगळा प्रश्न विचारला. याहून साधा पदार्थ घेऊन हीच प्रक्रिया केली तर काय होईल? त्याने ॲनिलीन घेतले. या वेळी हाती आला काळा गाळ, म्हणजे दिसायला आणखीच निराशाजनक. तो वाळवून त्याने स्पिरिटमध्ये विरघळवला, तेव्हा द्रावणाला सुंदर जांभळा रंग चढला. यात नशिबाचाही वाटा होता. त्याच्याकडचे ॲनिलीन शुद्ध नव्हते. त्यात टोल्युइडीन नावाचा जवळचा नातलग मिसळलेला होता. या भेसळीशिवाय हा जांभळा रंग तयारच होत नाही. या रंगाच्या रेणूंची खरी रचना तर १९९४ मध्ये, म्हणजे तब्बल १३८ वर्षांनी, निश्चित झाली.

ॲनिलीन या नावातच नीळ दडलेली आहे. हा पदार्थ पूर्वी निळीपासून मिळवला गेला होता, म्हणून पोर्तुगीजमधल्या ‘अनिल’ या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले आणि त्या शब्दाचे मूळ आपल्या ‘नील’मध्ये आहे. नीळ, मंजिष्ठ, आल, शिंपल्यातले किडे, झाडांच्या साली यांतूनच माणूस हजारो वर्षे रंग काढत आला होता. त्यात जांभळा सर्वांत दुर्मीळ. भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींपासून प्राचीन काळी राजघराण्यांसाठी जांभळा रंग काढत. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो काढून पाहिला, तेव्हा १२ हजार गोगलगायींतून जेमतेम दीड ग्रॅम रंग मिळाला. असा रंग डांबरातून मिळत असेल, तर त्याचे मोल काय, हे विल्यमच्या लगेच लक्षात आले.

त्याने रेशमाचा तुकडा त्या द्रावणात बुडवला. रंग बसला. साबणाने धुतला तरी टिकला, उजेडात ठेवला तरी फारसा उडाला नाही. मित्र आर्थर चर्च आणि थोरला भाऊ थॉमस यांच्या मदतीने त्याने घरच्या बागेतल्या खोपटात आणखी रंग तयार केला आणि नमुने स्कॉटलंडमधल्या पर्थ इथल्या पुलर या नामांकित रंगाऱ्यांकडे पाठवले. उत्तर आशादायक आले : कापड फार महाग होणार नसेल, तर असा टिकाऊ जांभळा रंग ही मोठीच गोष्ट ठरेल. ऑगस्ट १८५६ मध्ये विल्यमने पेटंट घेतले. अठरा वर्षांच्या मुलाला पेटंट मिळू शकते का, यासाठी आधी कायद्याचा सल्ला घ्यावा लागला.

आता खरी परीक्षा होती. रंग बनवायचा तर कॉलेज सोडायला हवे. हॉफमान यांना हे मुळीच रुचले नाही. हुशार विद्यार्थ्याने संशोधन टाकून धंद्यात पडणे म्हणजे त्याच्या बुद्धीची नासाडी, असे त्यांना वाटले. विल्यमलाही ही भीती होती; कारखान्यात अडकलो तरी संशोधन सोडायचे नाही, असे त्याने तेव्हाच ठरवले. वडिलांनी मुलावर विश्वास ठेवला आणि आयुष्यभराची बहुतेक कमाई या धंद्यात घातली. थॉमसही सोबत आला. यांच्यापैकी कोणीही तोवर रसायनांचा एकही कारखाना आतून पाहिलेला नव्हता.

लंडनच्या वायव्येला ग्रीनफर्ड ग्रीन इथे कालव्याच्या काठी जागा मिळाली. जून १८५७ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि सहा महिन्यांत तिथला रंग लंडनच्या रेशीम रंगाऱ्याकडे पोहोचला. हे सोपे नव्हते. ॲनिलीन बाजारात मिळत नव्हते. डांबरातून बेंझीन, बेंझीनपासून नायट्रोबेंझीन, त्यापासून ॲनिलीन आणि मग रंग, अशी साखळी स्वतःच उभारावी लागली. नायट्रोबेंझीन विषारी, आणि ते बनवताना स्फोटाचा धोका. इतक्या मोठ्या प्रमाणावर ते बनवण्यासाठी लागणारी भांडी आणि यंत्रेही पर्किन बंधूंनाच आखावी लागली.

त्याहून अवघड प्रश्न रंगाऱ्यांकडे उभा राहिला. रेशमावर आणि लोकरीवर बसणारा हा रंग सुती कापडावर बसेना. याचे कारण रंगाच्या स्वभावात आहे. पर्किन यांचा रंग ‘बेसिक डाय’ म्हणजे क्षारकीय रंग या गटातला. पाण्यात विरघळल्यावर त्याच्या रंगीत कणावर धन विद्युतभार असतो. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत; त्यांच्या धाग्यात ऋण भार असलेल्या जागा असतात. दोन्हींचे आकर्षण होते आणि रंग थेट धाग्याला धरतो. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्यात अशा जागा जवळपास नसतात, त्यामुळे रंग धुतला जातो. यावर तोड निघाली ती टॅनिनची. हिरड्यात किंवा बाभळीच्या सालीत जो तुरट पदार्थ असतो, तेच हे टॅनिन. सुती कापड आधी टॅनिनच्या द्रावणात भिजवायचे, ते धातूच्या क्षाराने पक्के करायचे आणि मग रंगात बुडवायचे. रंग आणि धागा यांच्यात दुवा होणाऱ्या अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडचे छिपे आणि रंगारी कापडाला हिरड्याचे पाणी पूर्वापार देत आले आहेत. पर्किन यांनी नव्या रंगासाठी ही रीत बसवली आणि रंगाऱ्यांच्या कारखान्यांत स्वतः जाऊन ती शिकवली. रंग शोधण्याइतकेच तो वापरायचा कसा हे शिकवणे महत्त्वाचे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

काळही अनुकूल होता. फ्रान्समध्ये लायकेनपासून, म्हणजे आपल्या मसाल्यातले दगडफूल ज्या वर्गात मोडते त्यापासून, काढलेल्या जांभळ्या रंगाची फॅशन सुरू झाली होती. १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीने थोरल्या मुलीच्या लग्नात याच छटेचा पोशाख केला. झगे घेरदार, त्यामुळे कापडही भरपूर लागे. पर्किन यांचा रंग स्वस्त आणि पक्का. जास्वंदीच्या कुळातल्या एका फुलाच्या फ्रेंच नावावरून त्याला ‘मॉव्ह’ हे नाव रूढ झाले आणि लंडनचे रस्ते मॉव्हने भरून गेले. राजघराण्यांपुरता असलेला रंग दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या फितीपर्यंत पोहोचला. एकविसाव्या वर्षी पर्किन यशस्वी कारखानदार होते.

मॉव्हचे राज्य मात्र फार दिवस टिकले नाही. डांबरातून रंग निघतो हे कळल्यावर सारे युरोप त्यामागे लागले. फ्रान्समध्ये पर्किन यांचे पेटंट मुदतीच्या घोळामुळे वैध ठरले नाही, त्यामुळे तिथे कोणालाही मॉव्ह बनवता येई. १८५९ मध्ये लिऑन शहरात व्हर्गें यांनी किरमिजी फुक्सिन शोधला, तोच मॅजेंटा. मग मिथिल व्हायोलेट, बिस्मार्क ब्राउन, मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, ऑरामाइन, रोडामाइन अशी क्षारकीय रंगांची रांगच लागली. शिष्याच्या धंद्यावर नाराज असलेल्या हॉफमान यांनीही १८६३ मध्ये स्वतःच्या जांभळ्या रंगाचे पेटंट घेतले आणि मॉव्हला मागे टाकण्यात त्या रंगाचाही हातभार लागला. हे सगळे रंग दिसायला विलक्षण तेजस्वी, पण त्यांतले बरेच उन्हात लवकर उडणारे. म्हणून पुढे कापूस आणि लोकरीसाठी दुसऱ्या जातीचे रंग आले. विसाव्या शतकात ॲक्रिलिक धागा निघाल्यावर क्षारकीय रंगांना पुन्हा दिवस आले, कारण त्या धाग्यावर ते पक्के बसतात. आजच्या ॲक्रिलिक स्वेटरचा आणि ब्लँकेटचा भडक रंग बहुधा याच घराण्यातला असतो.

पर्किन स्वस्थ बसले नाहीत. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत असणारा लाल रंग, अलिझारिन, जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी कृत्रिमरीत्या बनवला. त्यांची पद्धत खर्चीक होती. पर्किन यांनी स्वस्त पद्धत शोधून जून १८६९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला; जर्मन गटाचा तशाच पद्धतीचा अर्ज त्याच्या एकच दिवस आधी दाखल झाला होता. दोघांनी समझोता केला. १८७१ पर्यंत ग्रीनफर्डमधून वर्षाला २२० टन अलिझारिन बाहेर पडू लागले. युरोपातल्या मंजिष्ठेच्या शेतीचा त्यामुळे अस्त झाला. मध्य भारतात आलीच्या मुळांपासून लाल रंग काढणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या पोटावरही पुढे आयात अलिझारिनने पाय दिला.

जर्मन कारखाने तोवर मोठे झाले होते. त्यांच्याशी टक्कर द्यायची तर कारखाना कितीतरी वाढवावा लागला असता. १८७४ मध्ये पर्किन यांनी तो विकून टाकला. वय अवघे ३६. कॉलेज सोडताना मनाशी केलेला निश्चय त्यांनी पाळला आणि उरलेले आयुष्य घराशेजारच्या प्रयोगशाळेत घालवले. ताज्या कापलेल्या गवताच्या वासाचे कूमारिन त्यांनी कारखाना चालवतानाच, १८६८ मध्ये, कृत्रिमरीत्या बनवले होते. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाचा तो एक पाया ठरला. त्यातून निघालेली ‘पर्किन अभिक्रिया’ आजही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागते. पहिली पत्नी जेमायमा १८६२ मध्ये वारली. १८६६ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांचे तिन्ही मुलगे पुढे रसायनशास्त्रज्ञ झाले.

रंगांचा वैद्यकाशी संबंध जडला तो यानंतर. जिवंत पेशी आणि जंतू बहुतेक रंगहीन असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले तरी वेगळे ओळखता येत नाहीत. पण पेशीच्या केंद्रकातली आम्ले आणि जंतूंची बाह्य आवरणे यांच्यावर ऋण भार असतो. रेशमाला चिकटणारा क्षारकीय रंग त्याच कारणाने त्यांनाही चिकटतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो मिथिलीन ब्लू आणि बिस्मार्क ब्राउनच्या साह्याने. आजही थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू फुक्सिनने लाल किंवा ऑरामाइनने चमकते पिवळे करून पाहतात. हे दोन्ही मुळात कापडाचे रंग. तोंड आले की घशाला लावायचे जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, हेही याच कुळातले.

जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख यांनी पुढचा प्रश्न विचारला : रंग जर नेमका जंतूलाच चिकटतो, तर तो जंतूला मारूही शकेल का? मिथिलीन ब्लू हिवतापाच्या परजीवीला रंगवतो हे दिसल्यावर १८९१ मध्ये त्यांनी आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना तो दिला. रुग्णांना उतार पडला. क्विनीनइतका तो प्रभावी नव्हता, पण पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेला पदार्थ हिवतापावर प्रथमच चालला होता. हा रंग बनवणारे हाइन्रिख कारो यांनी तरुणपणी मँचेस्टरमध्ये मॉव्ह बनवण्याची स्वतःची रीत काढली होती. बायर या मूळच्या रंगकंपनीतल्या संशोधकांनी १९२० च्या दशकात मिथिलीन ब्लूच्या रेणूत फेरफार करत हिवतापाचे नवे औषध तयार केले. व्हायव्हॅक्स हिवतापात आज चौदा दिवस दिली जाणारी प्रायमाक्विनची गोळी त्याच वंशातली आहे.

या रंगांची किंमत काहींनी आरोग्याने मोजली. मॅजेंटा बनवताना आर्सेनिक वापरत आणि त्याचे सांडपाणी विहिरींत उतरे. १८९५ मध्ये जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे दाखवून दिले. मॅजेंटा आणि ऑरामाइनचे उत्पादन हे माणसात कर्करोग घडवणारे काम म्हणून आज आंतरराष्ट्रीय यादीत नोंदलेले आहे. कापडावर शोभणारा रंग पोटात जाऊ नये, हे तर उघडच आहे. तरीही रोडामाइनसारखे रंग खाण्यात सापडतात. म्हणूनच २०२४ मध्ये तमिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’ म्हणजे कॉटन कँडीवर आणि कर्नाटकाने तिच्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. अनैसर्गिक भडक गुलाबी मिठाई मुलांच्या हाती न देणे बरे.

मॉव्हच्या शोधाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९०६ मध्ये, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पर्किन यांचा मोठा सत्कार झाला. त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि अमेरिकेत त्यांच्या नावाचे पदक सुरू झाले. पुढच्याच वर्षी १४ जुलैला, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या क्विनीनसाठी सारा खटाटोप होता, ते प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग या अमेरिकी संशोधकांनी दाखवला. तो इतका लांबचा होता की औषधाचे क्विनीन आजही सिंकोनाच्या सालीतूनच काढतात. त्याच १९४४ साली भारतात जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी हिवतापाच्या रक्ततपासणीसाठी एक स्वस्त रंगद्रावण तयार केले. त्यात दोन मुख्य गोष्टी असतात. एक, मिथिलीन ब्लू हा क्षारकीय रंग. दुसरी, शॅडवेलच्या त्या खोलीत काळा गाळ देणारे पोटॅशियम डायक्रोमेट. ताप आल्यावर बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब अनेक सरकारी प्रयोगशाळांत या द्रावणाने रंगवला गेला आहे.